तिशी-चाळिशीत गावच्या व्हॉलीबॉल टीममध्ये पहिल्यांदा उतरताना

विदर्भातल्या बऱ्याच गावांत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास जिल्हा परिषद शाळेच्या मागे नाहीतर ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत नेट लागतं. शाळेत असताना कधी बॉलला हात लावला नाही आणि आता वावर, दुकान किंवा नोकरी सांभाळून खेळावंसं वाटतं, पण विचारायचं कसं आणि उभं कुठं राहायचं हे कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. बदली होऊन नवीन गावात आलेले शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक यांनाही तो उपयोगी पडेल.

“आता आपलं वय राहिलं नाही” हे कारण या खेळाला तरी लागू होत नाही. विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली अमेरिकेतल्या होलिओक इथं व्हॉलीबॉल तयार केला तोच कामधंदा करणाऱ्या प्रौढ माणसांसाठी, कारण बास्केटबॉलची धावपळ त्यांना झेपत नव्हती.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. स्मॅश मारणारे पोट्टे गावात भरपूर असतात. समोरून आलेली सर्व्हिस शांतपणे उचलून लिफ्टरच्या, म्हणजे स्मॅशसाठी बॉल वर उचलून देणाऱ्याच्या, डोक्यावर देणारा माणूस मात्र शोधावा लागतो. तुम्हाला तोच माणूस व्हायचं आहे. रोज जाणाऱ्याला दोन-तीन महिन्यांत ही जागा मिळू शकते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

१. तुमच्या गावात नेमकं काय चालतं ते पाहा

नेट दिसलं म्हणजे व्हॉलीबॉलच असेल असं नाही. काही गावांत शूटिंगबॉल खेळतात. तो वेगळा खेळ आहे आणि त्यात तीन पासची पद्धत नाही. व्हॉलीबॉल असेल तर बॉल पलीकडे जाण्याआधी पास, लिफ्ट, स्मॅश असे तीन हात लागताना दिसतील.

दोन-तीन दिवस मैदानाच्या कडेला बसून बघा. किती गडी येतात? बारा पुरे होतात का, की पाच-पाचवरच डाव लागतो? रोटेशन करतात की ज्याची जागा त्याला ठरलेली? गेम १५ चा, २१ चा की २५ चा? हरणाऱ्याने बाहेर बसायचं असतं का? जिथं गडी कमी पडतात तिथं नवख्याला लवकर जागा मिळते. जिथं वीस जण वाट बघत बसतात तिथं मुख्य खेळ सुरू व्हायच्या अर्धा तास आधी गेलात तरच बॉल हाताला लागेल.

२. केव्हा सुरुवात करायची

काळ्या मातीचं मैदान पावसाळ्यात बुटाला चिकटतं आणि उन्हाळ्यात भेगाळतं. मुरमाचं मैदान पाऊस उघडला की लवकर खेळण्यालायक होतं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, पुढे कापसाची वेचणी, पूर्वेकडच्या धानपट्ट्यात कापणी-मळणी, म्हणून तेव्हा मैदानावर कधी दहा गडी तर कधी तीन. थंडीत खेळ भरात येतो. २६ जानेवारी आणि महाशिवरात्रीच्या यात्रांच्या आसपास सामने लागतात.

नवख्याने सामन्यांच्या तोंडावर जाऊ नये. त्या दिवसांत टीम तयारीत असते, तुम्हाला शिकवायला कोणाला सवड नसते आणि एक चुकलेला पाससुद्धा डोळ्यांत येतो. सामने आटोपले की फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये जा. तेव्हा खेळ निवांत चालतो. ऊन तापायच्या आत तुमच्या हाताला दीड-दोन महिने मिळतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सूर्य मावळल्यावरच उतरा, किंवा पहाटे.

३. तब्येत तपासून घ्या

तीस वर्षांवरच्या माणसाचा बीपी आणि शुगर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आधी ते करून घ्या. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येत असेल, चक्कर येत असेल, गुडघ्याला सूज असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उड्या मारू नका. वावरात दिवसभर राबणाऱ्यालाही हे लागू आहे. कामाची सवय असली तरी अचानक वळणं आणि उडी मारून उतरणं याची सवय शरीराला नसते.

खर्रा तोंडात ठेवून मैदानात उतरू नका. धावताना सुपारीचा तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि तंबाखूने छातीचे ठोके आधीच वाढलेले असतात. बाहेर थुंकून, चूळ भरून या.

४. काय-काय लागेल

नवख्याने पहिल्या महिन्यात खर्च करायची गरज नाही. एवढं पुरतं:

- रबरी तळाचे, पायाला घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट. जाड, मऊ टाचेचे महागडे धावण्याचे बूट घेऊ नका, त्यांत बाजूला वळताना घोटा मुरगळतो. चपलेवर तर अजिबात नको.
- पूर्ण बाह्यांचा जुना टी-शर्ट. पहिला आठवडाभर मनगटाच्या वरचा भाग लाल होतो, बाहीमुळे तो त्रास कमी होतो.
- गुडघ्याला नी-कॅप, तीही मैदान मुरमाड असेल तर.
- दीड ते दोन लिटर पाणी आणि दुपट्टा. उन्हाळ्यात ओआरएसचं एक पाकीट.
- नखं कापलेली. अंगठी, कडं, घड्याळ घरी ठेवून यायचं. अंगठी नेटमध्ये अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते.

बॉल टीमचा असतो. पण सरावासाठी स्वतःचा घेतला तर उत्तम. नियमानुसार वजन २६० ते २८० ग्रॅम, घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर. मुरमावर रबरी बॉल टिकतो, सिंथेटिक कातड्याचा हाताला मऊ लागतो पण लवकर सोलतो. हवा भरताना सांभाळा: व्हॉलीबॉलला साडेचार पीएसआयच्या आसपास हवा लागते आणि पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या टायरसाठी तीस पीएसआयपर्यंत भरतो. तिथं एका झटक्यात बॉल दगड होतो किंवा शिवणीवर फुगतो. हातपंपाने भरा आणि पिन ओली करूनच आत घाला, कोरडी पिन व्हॉल्व्ह फाडते.

५. विचारायचं कसं

कॅप्टनला किंवा नेट बांधणाऱ्याला विचारा. बहुतेक ठिकाणी नेट रोज एकच माणूस बांधतो आणि मैदानावर त्याचाच शब्द चालतो. लांबण लावू नका. “भाऊ, मले बी शिकाचं हाय. गडी कमी पडला त सांगजा,” एवढं पुरे. “मी पूर्वी खेळायचो” असं खोटं सांगू नका, पहिल्याच सर्व्हिसला ते उघडं पडतं आणि मग कोणी शिकवतही नाही.

त्यानंतर चार कामं अंगावर घ्या: वेळेआधी येऊन नेट बांधायला हात लावणं, बाहेर गेलेला बॉल धावत आणून देणं, गुण मोजणं, आणि शेवटी नेट गुंडाळून शाळेत ठेवणं. हे कमीपणाचं काम नाही. गुण मोजणारा माणूस आठवड्याभरात सगळे नियम शिकतो.

एकोणीस वर्षांचा पोरगा तुम्हाला “काका, हात सरळ ठेवा” असं सांगेल. ऐका. तुम्ही गावातले सर असाल तर पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगून टाका की मैदानावर चूक झाली तर बोला. नाहीतर मानापोटी कोणी चूक दाखवत नाही आणि तुम्ही सहा महिने चुकीचेच हात लावत राहता.

६. पासिंग: तुमचं मुख्य काम

पहिले तीन-चार आठवडे फक्त हेच करा.

उभं राहणं. पाय खांद्याएवढे फाकलेले, एक पाय टीचभर पुढे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. टाचांवर वजन असेल तर बॉल समोर पडला तरी पाय हलत नाही. नवखा माणूस ताठ उभा राहून कमरेतून वाकतो. त्याने पास मागे उडतो आणि रात्री कंबर धरते.

हात. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या तळव्यात ठेवा, दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी आणि सारख्या लांबीवर, मनगटं खाली दाबलेली. मनगटं खाली गेली की कोपरे आपोआप सरळ होतात आणि हातांचा आतला भाग सपाट फळीसारखा मिळतो. बोटं एकमेकांत गुंतवू नका. जोरात बॉल बसला तर ती सुटत नाहीत आणि मुरगळतात.

बॉल कुठं लागला पाहिजे. मनगटाच्या वर चार ते आठ बोटांच्या पट्ट्यात, दोन्ही हातांवर एकाच वेळी. अंगठ्यांवर लागला तर तो कुठंही उडतो. कोपराजवळ लागला तर तुमच्याच तोंडावर येतो.

ताकद कुठून. हात वर फेकायचे नाहीत. सर्व्हिस जोरात आली असेल तर हात नुसते तिरके धरून ठेवा, बॉल आपल्या वेगानेच जातो. हळू आली असेल तर गुडघे सरळ करत पायांनी उचला. हात खांद्याच्या वर गेले म्हणजे चूक झाली असं समजा. गावच्या मैदानांवर सर्वांत जास्त गुण इथंच जातात: बॉल हळू येतो, नवखा घाबरून दोन्ही हात झटकतो आणि बॉल मागच्या बाभळीत.

कुठं द्यायचा. नेटच्या मध्यापासून थोडा उजवीकडे, नेटपासून अर्धा-एक मीटर आत, नेटच्या वर मीटरभर उंच. लिफ्टरला खाली यायला तेवढा वेळ मिळतो. नेटला चिकटून दिलेला पास दिसायला नेमका वाटतो, पण लिफ्टरचा हात नेटला लागून गुण जातो. चुकायचंच असेल तर उंच आणि आत चुका.

एकट्याने सराव. खिडकी नसलेली भिंत शोधा, गोदामाची किंवा समाजमंदिराची मागची बाजू चालते. भिंतीपासून तीन मीटरवर उभे राहा, डोक्याच्या उंचीच्या वर खडूने फूटभराचा चौकोन काढा आणि सलग पास करा. सलग वीस जमले की चार मीटरवर जा. मग जोडीदाराला बॉल तुमच्या दोन पावलं डावीकडे-उजवीकडे टाकायला सांगा. आधी पाय हलवून बॉलच्या मागे या, थांबा, मग हात जोडा. धावता-धावता हात जोडले की पास बाजूला जातो. रोज वीस मिनिटं पुरे, त्याहून जास्त केलं तर हात काळे-निळे होऊन दोन दिवस बंद पडतात.

आणि ओरडा. बॉल तुमचा असेल तर “माझा!” म्हणून मोठ्याने सांगा, दोघांच्या मध्ये येणाऱ्या बॉलवर तर आधीच. वयाच्या संकोचाने गप्प राहणारा नवखा आणि शेजारचा गडी एकमेकांकडे बघत राहतात, बॉल मधोमध पडतो. डोकी आपटतात तीही याच कारणाने.

७. सर्व्हिस: पलीकडे जाणारी, बस्स

पहिले तीन महिने खालून सर्व्हिस करा, म्हणजे अंडरआर्म. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावा पाय पुढे ठेवावा. बॉल डाव्या तळव्यावर, कमरेच्या उंचीवर, उजव्या हाताच्या रेषेत. उजवा हात सरळ मागे न्या आणि तळव्याच्या टाचेने, म्हणजे मनगटाजवळच्या टणक भागाने बॉलच्या मागे-खाली मारा. मारायच्या क्षणी बॉल डाव्या हातातून सुटलेला असला पाहिजे. धरलेल्या बॉलवर मारणं नियमात बसत नाही. वीत-दीड वीत उडवला तरी चालतो, उंच उडवला की नेम जातो.

सुरुवात नेटपासून सहा मीटरवरून करा, दहातले आठ पलीकडे गेले की मागच्या रेषेवर, म्हणजे नऊ मीटरवर या. सर्व्हिस मारताना पाय रेषेला लागला तर गुण गेला. पंचाची शिटी झाल्यावर आठ सेकंदांत मारायची असते.

वरून मारलेली जोरदार सर्व्हिस बघून मोह होतो. पण तुमची सर्व्हिस नेटमध्ये गेली की समोरच्याला फुकटचा गुण मिळतो, म्हणून हळू पण पलीकडे जाणारी सर्व्हिसच टीमच्या कामाची.

८. एवढे नियम डोक्यात ठेवा

सहा गडी, बॉलला जास्तीत जास्त तीन हात, एकाच माणसाने लागोपाठ दोनदा नाही. ब्लॉकचा, म्हणजे समोरचा स्मॅश नेटवर अडवताना लागलेला हात तीनमध्ये मोजत नाहीत. सर्व्हिस नेटला लागून पलीकडे गेली तर चालते. जुने गडी कधीकधी ती परत मारायला लावतात, पण तो नियम जाऊन जमाना झाला. बॉल खेळताना नेटला हात लागला तर चूक. पाय मधल्या रेषेवर असला तर चालतो, पूर्ण पलीकडे गेला तर नाही. बॉल रेषेला थोडा जरी लागला तरी आतच. बॉल पायाला किंवा छातीला लागून वर गेला तरी खेळ चालू राहतो. रोटेशन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होतं. मागच्या उजव्या कोपऱ्यातला गडी सर्व्हिस करतो.

तुम्ही पाच किंवा सहा नंबरच्या जागेवर, म्हणजे मागे डावीकडे किंवा मागे मध्यात उभं राहायला मागा. रोटेशन असेल तर पुढे आल्यावर ब्लॉकसाठी उडी न मारता नेटपासून दोन पावलं मागे सरका आणि ब्लॉकवरून निसटलेला बॉल उचला.

त्या-त्या मैदानाचे स्वतःचे नियमही असतात: बाभळीला लागला तर काय, शाळेच्या छपरावर गेला तर काय. तेवढे विचारून घ्या.

९. पैसे, गट आणि मैदानावरचे वाद

वर्गणी नेट, बॉल आणि लाइटसाठी असते. किती आणि कधी, हे पहिल्याच आठवड्यात विचारून स्वतःहून द्या. पैशाच्या शर्यतीचा गेम लागला तर सरळ बाहेर बसा. नवख्याच्या चुकीवर पैसे गेले की राग त्याच्यावरच निघतो, आणि शर्यत लावून खेळणं कायद्याच्याही अडचणीचं आहे.

गावात दोन मंडळं असतील तर त्यांच्या टीमही दोन असतात. निवडणुकीच्या दिवसांत बॉल आणि टी-शर्ट वाटले जातात. तुम्ही नोकरीनिमित्त गावात असाल तर कोणाच्या नावाचा टी-शर्ट घालू नका आणि आउट-इनच्या वादात कौल देऊ नका.

१०. लागलं तर

बोट मुरगळलं की जवळचा कोणीतरी ते ओढून “बसवायला” येतो. ओढू देऊ नका. आतला तुकडा तुटलेला असेल तर ओढल्याने तो सरकतो. गार पाणी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून घ्या. बोट वाकडं दिसत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही मिटत नसेल तर एक्स-रे काढा.

घोटा मुरगळला तर बूट हळू काढा, गार शेक द्या, क्रेप बँडेज गुंडाळा, पाय उंच ठेवून झोपा. पहिले दोन दिवस गरम तेलाने रगडून मालिश नको, सूज वाढते. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

खेळताना घाम थांबला, डोकं जड झालं, मळमळ सुरू झाली, तर ताबडतोब सावलीत बसा, दुपट्टा भिजवून मानेवर-काखेत ठेवा, ओआरएस घोट-घोट प्या. माणूस बरळायला लागला तर १०८ ला फोन करा.

११. महिलांची टीम असेल तर

नेट वेगळं लागतं: २.२४ मीटर, म्हणजे सव्वासात फुटांपेक्षा बोटभर जास्त. पुरुषांच्या उंचीवरच शिकायला लावलं तर सर्व्हिस जात नाही आणि आठवड्याभरात मैदान ओस पडतं. म्हणून खांबावर दुसरी खूण करून घ्या. पासिंगचा बॉल नेमका बांगड्यांच्या जागी लागतो. काचेच्या बांगड्या फुटून मनगट कापतं, म्हणून खेळापुरत्या काढा. ओढणी कमरेला घट्ट बांधा किंवा बाजूला ठेवा. शाळेच्या मैदानाची सकाळची वेळ बहुतेक मोकळी असते, मुख्याध्यापकांकडे त्याच वेळेसाठी अर्ज द्या.

१२. मैदानच नसेल तर

शाळेच्या जागेसाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, गावठाणातल्या जागेसाठी ग्रामपंचायत. अर्ज लेखी द्या, त्यात वेळ, खेळणाऱ्यांची नावं आणि शाळेच्या वस्तूंची जबाबदारी लिहा, पोच घ्या.

मैदान १८ बाय ९ मीटर, भोवती किमान तीन मीटर मोकळं. सुतळीने आखताना अर्ध्या मैदानाच्या ९ बाय ९ चौकोनाचा कर्ण १२.७३ मीटर भरला पाहिजे, नाहीतर कोपरे तिरपे झालेत. नेटपासून तीन मीटरवर हल्ल्याची रेषा. पुरुषांचं नेट मध्यभागी २.४३ मीटर, जेमतेम आठ फूट. मोजायचं ते मध्येच, खांबापाशी नाही, कारण सैल दोरीने नेट मध्ये झोळ खातं. खांब बाजूच्या रेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर. तारेचा ताण जमिनीवर खुंट्या मारून दिला असेल तर त्यावर जुनं टायर किंवा पोतं बांधा, अंधारात पाय अडकतो. चुन्याची फक्की वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून टाका. डोळ्यात गेली तर चोळू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा.

१३. पहिला सामना खेळायला निघताना

टीमने नाव दिलं तर हे जवळ ठेवा: आधार कार्डाची झेरॉक्स आणि मूळ प्रत, दोन पासपोर्ट फोटो, ‘फक्त गावचे खेळाडू’ अशी अट असेल तर ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, वयोगटाचे सामने असतील तर जन्मतारखेचा पुरावा. पोस्टरवरची बारीक अक्षरं कॅप्टनच्या भरवशावर सोडू नका. एकाच स्पर्धेत दोन टीमकडून नाव गेलं तर बहुतेक आयोजक दोन्ही टीम बाद करतात, म्हणून दुसऱ्या गावच्या मित्राने “नुसतं नाव देऊन ठेवतो” म्हटलं तरी नाही म्हणा.

प्रवेश फीची पावती कॅप्टनकडे, पाण्याचा कॅन आणि क्रेप बँडेज तुमच्याकडे. परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा, रात्रीचे सामने हमखास लांबतात आणि शेवटची एसटी तोवर गेलेली असते.